आमची तीनचाकी

वार्षिक अंकासाठी काही लिहावे, असा गुरुजींचा निरोप आला आणि आम्हा तिघाही माजी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहिली: आमची तीनचाकी. ना सायकल, ना रिक्षा, ना मोटार! शेजारी-शेजारी दोन आसने, पायांशी पॅडल आणि मागे विजेची मोटार.

दोन निरनिराळ्या शक्तींवर चालणाऱ्या अशा वाहनास हायब्रिड म्हणतात. ही कल्पना जुनीच. १९०० साली फर्डिनांड पोर्शे यांनी पेट्रोलचे इंजिन व विजेच्या मोटारी एकाच गाडीत आणल्या होत्या. २०१२ साली फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या हायब्रिड गाडीने जिंकली. तसे पूर्वी कधी घडले नव्हते. त्यांच्यापाशी मोठमोठे कारखाने होते. आमच्यापाशी उद्यमबागेतील एका वर्कशॉपचा कोपरा, भंगारातल्या सायकली आणि घरून मागून आणलेले पैसे होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या 'एफिसायकल' स्पर्धेत २०१४ साली उतरण्याचे आम्ही ठरविले. तेथे तीन चाके, दोन स्वार आणि पायांना विजेची जोड, असा नियम. दमाची परीक्षा पाहणारी शर्यतही असते.

पहिलीच चूक मोठी झाली. पॅडलची आणि मोटारीची, दोन्ही साखळ्या आम्ही मागच्या आसाला पक्क्या जखडल्या. मोटार सुरू करताच पॅडल आपोआप गरगर फिरून नडग्या फुटल्या. मोटार बंद ठेवून पॅडल मारावे, तर तिचेच ओझे ओढावे लागे. वर्कशॉपमधले वृद्ध मिस्त्री हसून म्हणाले, "काय रे पोरांनो, उतारावर सायकलचे पाय थांबले, तर चाक थांबते काय?" आम्ही शरमलो. दोन्ही बाजूंना एकेक फ्रीव्हील बसविले, तेव्हा दोन्ही शक्ती सुखाने नांदू लागल्या.

आमचे मात्र बिनसले. चोवीस व्होल्ट, सव्वीस अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या चारशे वॅटची मोटार कागदावर दीड तास चालवितात. प्रत्यक्षात त्याहून कमीच. जागचे हलताना मोटार सर्वांत अधिक वीज ओढते. म्हणून आरंभ पायांनी करावा, मोटार चढापुरती राखावी, असे दोघांचे मत. तिसऱ्याला पहिल्यापासून आघाडी हवी होती. शब्दाने शब्द वाढला आणि दोन दिवस आमच्यात अबोला राहिला.

शर्यतीत तोच सुकाणूवर बसला व मोटार सोडून सुटला. आम्ही कित्येकांना मागे टाकले! परंतु पाऊण तासाने व्होल्टमीटरचा काटा उतरला आणि मोटार निपचित पडली. त्याचा चेहरा उतरला. "उतरू या," तो पुटपुटला. शेजारच्याने उत्तर दिले नाही. तो पॅडल मारू लागला. क्षणभराने दुसरे दोन पायही फिरू लागले. मेलेल्या मोटारीचे ओझे चाकावर नव्हते. फ्रीव्हीलने तिला बाजूस ठेवले होते. मागे टाकलेले सारे आमच्या पुढे गेले. पण शर्यत संपल्याची शिट्टी झाली, तेव्हा आमची तीनचाकी चालतच होती.

पारितोषिक मिळाले नाही. परत येऊन मिस्त्रींना सारे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "तिघे बोलता ना रे एकमेकांशी?"

आम्ही बोलत होतो.