तोटी बंद केली का?

अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिघे भावंडे बेळगावजवळच्या मळ्यात जमलो, ते मळा विकण्याचे नक्की करण्यासाठी. एक जण बडोद्याला, एक इंदुरास, धाकटी बहीण तेवढी गावात. तेव्हा मळा पाहणार कोण, हा प्रश्न रास्तच होता. विहिरीवर विजेचा पंप बसून बरीच वर्षे झाली होती. पेट्रोलवर सुरू होऊन पुढे रॉकेलवर चालणारे अण्णांचे जुने इंजिन मात्र पत्र्याच्या खोपीत तसेच उभे होते. भंगारवाला ते न्यायला तयार होता. 'नेण्यापूर्वी एकदा चालवून तर पाहू,' असे बहीण म्हणाली आणि आम्ही थांबलो.

थोडे पेट्रोल ओतून तोटी उघडली, तो दोरी ओढण्याआधीच कार्ब्युरेटरखाली धार लागली.

या गळतीशी आमच्या घरातली एक जुनी सल जोडलेली आहे. रोज संध्याकाळी अण्णा विचारीत, 'तोटी बंद केली का?' आम्ही तो त्यांचा चिक्कूपणा समजत असू. परीक्षेच्या दिवसांत एकदा थोरला तोटी लावायला विसरला आणि रात्रभरात टाकी रिकामी झाली. अण्णा रागावले नाहीत. पण त्यानंतर महिनाभर त्यांनी त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. थोरल्याच्या मनातून ते कधीच गेले नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावातच सायकलींचे दुकान काढले होते. 'त्या गावच्या माणसाने यंत्राला भिऊ नये,' असे अण्णा म्हणत. आम्ही तोटी बंद केली, इंजिन उघड्यावर आणले आणि कार्ब्युरेटर उतरवला.

त्याची रचना साधी असते. वाटीत पितळेचा एक पोकळ फ्लोट तरंगतो. इंधन चढले की तो वर येतो आणि सुईला तिच्या बैठकीवर दाबून वाट बंद करतो. फ्लोट जड झाला किंवा सुई झिजली, की वाट बंद होत नाही आणि वाटी भरून वाहू लागते. आम्ही फ्लोट कानाशी धरून हलवला. आत इंधन खळखळले. घरातून गरम पाण्याची बादली आणून त्यात तो बुडवला, तेव्हा कडेच्या सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले.

मग आणखी एक गोष्ट दिसली. फ्लोटवर पूर्वीचे दोन जाड डाग होते. हात अण्णांचाच होता, हे ओळखायला वेळ लागला नाही. प्रत्येक डागाने छिद्र बुजले होते, पण फ्लोटचे वजन वाढले होते. चालत्या इंजिनात ते खपून जाई. इंजिन थांबले की गळती सुरू होई. असे वाहणारे रॉकेल सिलिंडरमार्गे खालच्या तेलात उतरले, तर तेल पातळ होते आणि बेअरिंगे जातात. अण्णांचा जीव चार पैशांच्या रॉकेलात नव्हता. आपली दुरुस्ती अपुरी आहे हे त्यांना ठाऊक होते आणि उरलेले काम ते रोज हाताने करीत होते. एवढे त्यांनी आम्हांला सांगितले असते तर? कदाचित आम्हीही कधी विचारले नाही.

फ्लोट रिकामा करून दिवसभर वाऱ्यावर ठेवला. आत इंधनाची वाफ असताना डाग देणे जिवावर बेतते. बाजारातल्या वृद्ध मिस्त्रींनी जुने डाग उतरवून बेताचा नवा डाग दिला आणि सुईचे झिजलेले टोक लेथवर सारखे करून दिले. मजुरी घेताना ते एवढेच म्हणाले, 'डाग थोडा द्यावा.'

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झाले. खोपीत तो जुना वास भरला. बहिणीने डोळ्यांना पदर लावला, तो धुरामुळे, असे आम्ही धरून चाललो. इंजिन थांबताच, कोणी काही म्हणायच्या आत, थोरल्याने वाकून तोटी बंद केली. वास्तविक आता तशी गरज नव्हती.

पावसाळ्यानंतर मळ्याचा व्यवहार झाला. इंजिन बहिणीच्या परसात आहे. महिन्यातून एकदा ती ते चालवते, आणि त्या दिवशी इंदूरहून फोन येतो. काय विचारायचे असते, ते तिला ठाऊक असते.