गावभागातून विश्रामबागेत

बदलीच्या नोकरीवाल्यांच्या बायकांना बिऱ्हाड हलवणं म्हणजे डाव्या हातचा मळ. माझं तसं नाही. लग्न होऊन सांगलीच्या गावभागात आले ती तिथलीच झाले. आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर, मागे परसात आड, पुढे ओटा, आणि दहा मिनिटांवर कृष्णामाई. संध्याकाळी गणपतीच्या देवळात जाऊन घाटावर घटकाभर बसलं की शाळेतला आणि घरातला सगळा शीण जायचा. असं घर सोडून अवघ्या तीन-चार किलोमीटरवर विश्रामबागेत जायचं, त्यात लिहिण्यासारखं ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, लांबच्या गावी जाताना माणूस मुकाट्याने जातं. गावातल्या गावात घर बदलताना मात्र रोज नवी भांडणं होतात.

कारण पाणी. सांगलीबाहेरच्या वाचकांना सांगते, पावसाळ्यात आमच्याकडे "जेवलात का?" च्या आधी "आयर्विनला किती फूट?" असं विचारतात. 1929 सालचा हा दगडी पूल म्हणजे गावाचा थर्मामीटर. चाळीस फूट झालं की इशारा, पंचेचाळीसला धोका. कोयनेतून पाणी सोडलं, खाली हरिपूरच्या संगमावर वारणाही भरून आली, की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला वाट पुरत नाही आणि ते गावात शिरतं. 2005 साली ते त्रेपन्न फुटांच्या वर गेलं. हरिपुरात हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, तीही त्या पुरात बुडाली. तेव्हा मी माहेरी शाळेत होते. ऑगस्ट 2019 मध्ये मात्र सत्तावन्न फुटांच्या वरचं पाणी मी स्वतः पाहिलं. आमच्या माजघरात छातीइतकं. आम्ही होडीतून बाहेर पडलो, आणि परत आलो तेव्हा माझा लग्नातला शालू, मुलाची पुस्तकं, सासूबाईंचं गोधड्यांचं गाठोडं, सगळ्यांचा एकच रंग झाला होता. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. त्या वेळी सामान आधीच माळ्यावर चढवलं होतं म्हणून नुकसान कमी झालं, पण चिखल काढताना ह्यांची पाठ धरली ती महिनाभर सुटली नाही. तेव्हाच ठरलं, उंचावर जायचं.

ठरलं म्हणजे आमच्या दोघांचं. सासूबाई म्हणाल्या, "पाणी येतं तसं जातं. घर काय उचलून नेतं की काय?" आणि पुढची अडीच वर्षं त्या ह्या विषयावर अवाक्षर बोलल्या नाहीत. कर्जाचे कागद झाले, विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराची किल्ली मिळाली, तरी त्या आपल्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या.

2024 ची अक्षय तृतीया, 10 मे, हा दिवस धरला. मुहूर्त तर होताच, पण मुलाची परीक्षा संपलेली, माझी शाळा बंद, आणि मृगाला अजून महिना. घर बदलायचं तर पावसाआधी, एवढं तरी नक्की ठेवा. ओल्या गाद्या तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या एका मैत्रिणीची कथा ऐकली आहे, ती पुन्हा कधी सांगेन.

महिनाभर आधी मी वाणसामान भरणं बंद केलं. डाळ, पोहे, रवा, जे असेल ते संपवायचं. शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे अशी काही मिसळणीची थालीपीठं झाली की ह्यांनी विचारलं, "ह्याला नाव काय?" मी म्हटलं, "घरबदल." मग नव्या घरी टेप घेऊन गेले आणि दारं, जिना, लिफ्ट सगळं मोजून आले. बरं झालं मोजलं. सासूबाईंचं सागवानी कपाट लिफ्टमध्ये मावत नव्हतं आणि जिन्याच्या वळणावर अडलं असतं. सुताराला आधीच बोलावून ते सुटं करून घेतलं. पलंगाचे नटबोल्ट एका पुरचुंडीत बांधून त्याच पलंगाच्या दांडीला गाठ मारली. नाहीतर पलंग येतो आणि बोल्ट पोह्यांच्या डब्यात सापडतात.

काचसामानाला नवा कागद विकत आणू नका. जुन्या सुती साड्या, टॉवेल, मुलांचे शर्ट, ह्यांतच गुंडाळायचं. तसंही ते न्यायचंच असतं. खोक्यावर नुसतं "स्वयंपाकघर" लिहून भागत नाही. आत काय आणि ते नव्या घरात कुठल्या खोलीत जायचं, दोन्ही लिहा, आणि वरच्या बाजूला नव्हे, कडेला, म्हणजे एकावर एक रचली तरी वाचता येतं. पुस्तकांची खोकी लहान घ्या. मी हौसेने मोठं भरलं, ते दोघा हमालांनाही हलेना. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा केला, उभाच नेला, आणि पोचल्यावर तीन-चार तास तसाच ठेवून मग चालू केला. घराची कागदपत्रं, रेशनकार्ड, दागिने, गॅसचं पुस्तक ही पिशवी टेम्पोत ठेवली नाही, माझ्या खांद्यालाच होती. पहिल्या रात्रीचं एक खोकं वेगळं ठेवलं. चहा-साखर, पातेलं, दोन चादरी, साबण, मेणबत्ती, सुरी. ती सुरी विसरलात तर बाकीची खोकी दातांनी उघडायची वेळ येते.

इतकं सगळं झालं तरी पाट्यावरवंट्यातला वरवंटा टेम्पोवाल्याच्या पोरांनी पाडून फोडलाच. मी संतापले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पुरातनं दोनदा वाचला होता." बस, एवढंच.

निघायच्या आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर माजघरात दिवा. सासूबाई भिंतीपाशी उभ्या. त्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत, सासऱ्यांनी सुरू केलेल्या. 2005 ची त्यांच्या हातची. 2019 ची सगळ्यांत वरची खूण सासूबाईंनी स्वतः खिळ्याने ओढलेली, कारण तोवर सासरे गेले होते. त्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "त्या वर्षी मी माळ्यावर चढायलाच नको म्हणत होते. आठवतंय? तुझ्या हाताला धरून चढले." मला आठवत होतं. त्या माणसाची रेघ सोडून जायचं म्हणून त्या इतके दिवस गप्प होत्या, हे मात्र मला तेव्हा कळलं. भिंत काही टेम्पोत घालता येत नाही. सकाळी मी मुलाला स्टुलावर चढवलं, आणि त्याच्या शाळेच्या वहीच्या दोऱ्याने जमिनीपासून एकेका खुणेचं माप घेऊन दोऱ्याला गाठी मारल्या. दोरा सासूबाईंच्या चंचीत गेला.

पहिल्या फेरीला देव, पाण्याचा कलश, मीठ, हळदकुंकू आणि तांदूळ. लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन सासूबाई रिक्षात बसल्या. दादरा बांधलेला होता तरी हात काढला नाही. विलिंग्डन कॉलेज मागे पडलं तेव्हा म्हणाल्या, "हवा कोरडी आहे गं इकडे." हे कौतुक की तक्रार, मी विचारलं नाही. नव्या घरात दूध उतू घालायला मी त्यांच्याच हाती पातेलं दिलं.

त्याच जुलैत पाणी चाळीस फुटांच्या जवळ आलं. सकाळी सातला फोन वाजला, जुन्या शेजारीणबाईंचा. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. सासूबाई म्हणत होत्या, "ट्रंका पाठव. गाद्यापण पाठव. आमचा माळा रिकामाच आहे. आणि हे बघ, खोक्यावर कडेला नाव लिही, वर नको."