टॉवेल-टोपीच्या मुलखात लक्झरी शॉपिंग

पुरुषांसाठी गिफ्ट घेणं म्हणजे डोक्याला ताप! आईला साडी, बहिणीला ड्रेस, मैत्रिणीला इअररिंग्ज, काहीच सुचलं नाही तर पर्स. पण बाप, भाऊ, नवरा, बॉस? पाकीट, बेल्ट, परफ्यूम, टाय. संपली यादी. त्यात 'लक्झरी' हवं असेल तर तेच पाकीट इटालियन होतं आणि किमतीत एक शून्य वाढतं. बस्स.

आमच्या आप्पांची एकसष्टी जवळ आली तेव्हा भावाचं आणि माझं मिळून पंचवीस हजारांचं बजेट ठरलं. मी पुण्यात खराडीला आयटीत, तो दुबईत. "ताई, मस्त ब्रँडेड घड्याळ घेऊन टाकू," तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मागच्या खेपेला तू आणलेलं अजून कपाटात आहे. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही." आप्पांच्या मनगटावर अजून चावीचं एचएमटी. नेवासे तालुक्यात थोडा ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी आणि डोक्यावर पांढरी टोपी, असा हा माणूस. याला मॉलमधलं काय शोभणार?

म्हणून ठरवलं, शॉपिंग आपल्याच जिल्ह्यात करायचं. आपला नगर जिल्हा म्हणजे क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. 2024 च्या ऑक्टोबरपासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना अजून नगर. दोन वीकेंड, एक छोटी गाडी आणि पर्समध्ये आप्पांची एक जुनी टोपी. ती का, ते पुढे सांगते.

मानाचं की देण्याघेण्याचं?

पुण्याहून नगर साधारण एकशेवीस किलोमीटर. सकाळी लवकर निघालं की दुकानं उघडायच्या वेळेला तुम्ही कापड बाजारात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचं कापडाशी जुनं नातं आहे. इथल्या पद्मशाली वस्त्यांमधून एकेकाळी हातमागाचा खटखटाट ऐकू यायचा. आता माग जवळपास थांबलेत, पण लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा अजून इथेच येतो.

गादीवर बसलेल्या काकांना म्हटलं, "पुरुषांसाठी काहीतरी भारी दाखवा." त्यांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न टाकला, "ताई, मानाचं पाहिजे का देण्याघेण्याचं?"

बॉस, याला म्हणतात मार्केट रिसर्च! मॉलमधला सेल्समन बजेट विचारतो, हे काका नातं विचारतात. आपल्याकडे पुरुषाच्या आहेराची पूर्ण शिडी ठरलेली आहे. नुसती ओळख असेल तर टोपी. थोडं जवळचं असेल तर टॉवेल-टोपी. मामा, काका, व्याही असतील तर शर्टपीस-पँटपीस किंवा धोतरासकट पूर्ण पोशाख. सर्वांत वर फेटा, तोही स्वतःच्या हाताने बांधायचा. आणि जावई? तो शिडीच्याही वर! अधिक महिना आला की धोंड्याच्या जेवणाला बोलावून त्याला नवा पोशाख, सोबत तेहतीस अनारसे आणि ऐपत असेल तर चांदीचं निरांजन किंवा सोन्याची अंगठी. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. दर पावणेतीन वर्षांनी येणारा हा आपल्याकडचा अस्सल 'मेन्स गिफ्टिंग सीझन'. ज्याला तीन मुली आहेत, त्या बापाला विचारा त्याचा खर्च! आमचे आप्पासुद्धा त्यातलेच. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा सूट त्यांनी उसाचं बिल यायच्या आधी उधारीवर घेतला होता.

या सगळ्या यादीत एक गंमत बघा. टॉवेल, धोतर, उपरणं, फेटा, शर्टपीस, सगळंच न शिवलेलं. म्हणजे साइजची भानगड नाही. समोरचा जाड असो की बारीक, कापड त्याला होतंच. 'पुरुषांना गिफ्ट घेताना माप कळत नाही' हा जो आपला प्रॉब्लेम, तो आजी-आजोबांनी कधीच सोडवून ठेवलाय.

पण याच सोयीमुळे आहेर फिरत राहतो. शेजारच्या लग्नात आलेला टॉवेल आमच्या ट्रंकेत, तिथून मावशीच्या घरभरणीला, तिथून आणखी कुठेतरी. आईला तर बॉक्सच्या कोपऱ्यावरून कळतं, हा कुणाकडून आला होता! आणि टोपीला मात्र नंबर असतो. आहेरातली टोपी नंबर न बघताच घेतलेली असते, म्हणून ती बहुतेक वेळा कुणालाच बसत नाही. एक कपाळावर उतरते, दुसरी शेंडीवर तरंगते. आप्पांना आयुष्यात शेकडो टोप्या मिळाल्या असतील. घालतात ते स्वतः विकत आणलेलीच.

किल्ल्यातलं जाकीट

कापड बाजारात जाकिटं भरपूर लटकलेली दिसतात. पुण्यातल्या डिझायनर शोरूममध्ये तेच नेहरू जॅकेट दहापट किमतीला मिळतं. आणि ज्यांच्या नावाने ते विकलं जातं ते नेहरू या गावात खरोखर राहिलेत, कैदी म्हणून. ऑगस्ट 1942 ते मार्च 1945 ते इथल्या भुईकोट किल्ल्यात होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथेच लिहिलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात असला तरी नेत्यांना ठेवलं होतं त्या खोल्या बघता येतात. जाताना ओळखपत्र ठेवा.

तिथे फिरताना मला जाकिटापेक्षा एक साडी आठवत होती. मार्च 1942 मध्ये इंदिराजींचं लग्न झालं, तेव्हा त्यांच्या अंगावर खादीची गुलाबी साडी होती. नेहरूंनी त्याआधीच्या तुरुंगवासात स्वतः कातलेल्या सुताची. बापाने मुलीला दिलेली गिफ्ट, बाजारभावाने किरकोळ. पण ती साडी कुणी पुढे फिरवेल का? माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं की आप्पांना असं काहीतरी द्यायचं, जे ट्रंकेत जाणार नाही आणि दुसऱ्याच्या आहेरातही जाणार नाही.

सीमेपलीकडचं येवला

दुसऱ्या दिवशी नगर-मनमाड रस्ता धरला. राहुरी, शिर्डी, कोपरगाव आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की येवला. तालुका नाशिकचा, पण आमच्याकडच्या लग्नांचा शालू-पैठणीचा बस्ता इथलाच. पैठणी म्हणजे फक्त बायकांची, असं वाटत असेल तर जरा थांबा. पेशवेकाळात या विणीचे शेले आणि दुपटे पुरुषही मिरवायचे. आता येवल्यात पैठणीचं जाकीट, स्टोल, उपरणं, फेटा, अगदी टायसुद्धा मिळतो. लग्नाळू भावासाठी, नवऱ्यासाठी जबरदस्त ऑप्शन!

एका घरात माग बघायला मिळाला. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी कांडी हाताने फिरवावी लागते. रंग बदलला की कांडी बदलायची, धागा शेजारच्या धाग्यात अडकवायचा आणि पुढे जायचं. दिवसभर बसून वीतभर काम होत नाही. भरगच्च पदराच्या पैठणीला महिनेच्या महिने लागतात ते यामुळे.

खरेदीची ट्रिक लिहून घ्या. कापड उलटं करा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या कापडाला मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे असतात. रेशमाची खात्री हवी तर सिल्क मार्कचं लेबल बघा. आणि जरी कोणती, हे सरळ विचारा. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली की साधी, यावर किंमत खूप बदलते. यंत्रावरचं घेऊच नये असं नाही. फक्त हातमागाच्या भावाने घेऊ नये.

आप्पांसाठी मोरपंखी काठाचं एक उपरणं जवळपास घेतलंच होतं. मग मनात आलं, हे ते घालणार कधी? एकसष्टीच्या दिवशी दोन तास. नंतर आई ते मलमलीत गुंडाळून ठेवणार आणि येत्या धोंड्याला जावयाच्या खांद्यावर टाकणार. उपरणं परत घडीत गेलं.

चौंडीच्या वाटेवरचं काळं सोनं

पुढच्या शनिवारी जामखेड रस्त्याला लागले. याच तालुक्यातल्या चौंडीला 31 मे 1725 रोजी अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. जिल्ह्याचं नवं नाव त्यांचंच. हा धनगरांचा, मेंढरांचा मुलूख. इथे पाहुण्याचा सर्वांत मोठा सत्कार म्हणजे पिवळा फेटा, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांच्या खांद्यावर ती पडते, फोटो निघतो. पण ती विणणारे हात किती उरलेत?

एका गावात सांगर कुटुंबाच्या अंगणात माग दिसला, म्हणून गाडी थांबवली. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मामा बसलेले. दख्खनी मेंढीची काळी लोकर कातरायची, पिंजायची, हाताने कातायची. सूत ताठ व्हावं म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि मग विणायचं. काळा रंग मेंढीचाच, डाय नाही. पहिल्यांदा अंगावर घेतली की टोचते, वापरता वापरता मऊ होते. पावसाचा शिडकावा ती वरच्या वर झेलते आणि थंडीत तिच्यासारखी ऊब नाही.

"मामा, पोरं शिकली का हे काम?" मी विचारलं. "कशाला शिकतील, ताई? लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरी लोकरीपेक्षा जास्त होती. आता मेंढरं मटणासाठीच पाळत्यात."

जून 2025 मध्ये मिलानच्या मेन्स फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या. आपल्याकडे गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतातली आहे. आपली चप्पल लक्झरी आहे हे आपल्याला मिलानने सांगावं लागलं! घोंगडीला असा रॅम्प कधी मिळेल माहीत नाही. तोवर ती जामखेड रस्त्यावर मिळते आणि हाताने कातून-विणून साडेतीन हजारांत मिळते. घेताना लोकरीचा एक तंतू काढून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, प्लॅस्टिकसारखा वितळून गोळा झाला तर कृत्रिम धागा.

मी घोंगडी घेतली, ती शोभेसाठी नाही. आमच्याकडे शेतीची लाईट आठवडाभर दिवसा, तर आठवडाभर रात्री. रात्रीची असली की डिसेंबरच्या कडाक्यात आप्पा बॅटरी घेऊन बारं द्यायला उसात जातात. तिकडे बिबट्याची भीती, वरून गार वारा. अंगावर असते ती आमच्या आजोबांची घोंगडी, तिला आता चार ठिकाणी भोकं आहेत.

हिशेब

परतताना नगरला पुन्हा थांबले, पर्समधल्या जुन्या टोपीसाठी. कापड बाजाराजवळच्या गल्लीत टोप्या शिवणारे एक चाचा आहेत. त्यांनी टोपी मुठीवर चढवली, फिरवली, टेप लावली. "साडेबावीस. पण तुमचे वडील मागून जरा खाली ओढून घालतात," नुसत्या घामाच्या डागावरून ओळखलं! आतून मऊ पट्टी लावून बारीक खादीच्या बारा टोप्या सांगितल्या.

भाऊ फोनवर वैतागला. "ताई, एकसष्टीला टोपी आणि घोंगडी? लोक काय म्हणतील? दाजींना सूट आणि आप्पांना हे?" मी म्हटलं, "अरे, दाजींच्या सुटाचं माप कुणी घेतलं होतं? शिंप्याने. आप्पांचं आजवर कुणी घेतलंय?" तो गप्प झाला. बजेटमधले सतरा-अठरा हजार उरत होते. ते त्याच्या दुबई-मुंबई तिकिटात घातले आणि तो आला.

तर मंडळी, पुरुषांसाठी भारी गिफ्ट घ्यायची असेल तर ब्रँडच्या आधी त्याचा दिवस बघा. तो उठल्यावर अंगावर पहिलं काय घालतो? झिजलेलं, शिवून शिवून वापरलेलं त्याच्याकडे काय आहे? त्याच वस्तूची सर्वांत चांगली, हाताने केलेली, त्याच्याच मापाची आवृत्ती शोधा. मित्र रोज शर्ट घालत असेल तर उत्तम कापड आणि चांगल्या शिंप्याची शिलाई द्या. भाऊ नवरदेव असेल तर येवल्याचं जाकीट. बॉसला काय द्यायचं? त्याला खुशाल देण्याघेण्याचं द्या!

एकसष्टीला आप्पांना सव्वीस टॉवेल आणि एकतीस टोप्या आल्या. आईने रीतसर मोजून ट्रंकेत ठेवल्या. त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. साडेअकराला मोटर सुरू करायला आप्पा उठले, नवी टोपी मागून जरा खाली ओढली, वर घोंगडीची खोळ केली आणि बॅटरी घेऊन बाहेर पडले. मागोमाग भाऊही निघाला, "थांबा आप्पा, मी येतो." त्याच्या अंगावर आजोबांची भोकाची घोंगडी होती.