बुडख्याची घाई

झाड उतरवून फांद्या ट्रॉलीत भरल्या की घरमालकाचं ठरलेलं वाक्य येतं, “मामा, आता एवढा बुडखा पण काढून टाका की.” कोडोलीत आयुष्यभर हेच काम करत आलो, पण याला मी लगेच हो म्हणत नाही. झाड पाडायचं की नाही, ते मालक आणि सरकार बघतं. आंबा, चिंच, फणस, जांभूळ यांची नावं तर 1964 च्या वृक्षतोड कायद्यातच आहेत, परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. बुडखा कधी निघेल, हे मात्र त्याचं त्यालाच विचारावं लागतं.

विचारायचं पहारेनं. वरचं लाकूड भुसभुशीत झालं म्हणून भुलायचं नाही. मधला गाभा कुजून पोकळ होतो, वाळवी मातीचे पापुद्रे चढवते, पावसाळ्यात अळंबी उगवते, आणि तरीही आडव्या मुळ्या खाली दगडासारख्या घट्ट असतात. म्हणून बुडख्यापासून दोन हात लांब उकरून मुळी उघडी करायची आणि पहार मारायची. हाताला झिणझिण्या आल्या तर माती परत लोटून घरी यायचं. पहार ‘भस्स’ करून आत गेली आणि ओढताना चिपाडासारखे धागे बाहेर आले, की बोलणी करायला हरकत नाही.

गावातल्या जुन्या घरांना अजून पांढऱ्या मातीच्या भिंती आहेत. भिंतीलगतच्या आंब्याच्या मुळ्या पायाच्या दगडांत शिरलेल्या असतात. जेसीबी तासाभरात बुडखा उपटतो हे खरं, पण मुळी येताना पायाचा दगड घेऊन येते, नळाची पाइप तुटते ती वेगळीच. अशा जागी जमिनीलगत कापून, भोकं पाडून त्यात शेणकाला ओतावा, वर माती टाकून ओल धरावी. मुळ्या कुजतील तशी माती खचते. दर पावसाळ्यानंतर तिथं मुरूम भरत राहायचं. वेळ लागतो, पण भिंत उभी राहते. मीठ ओतायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यानं बुडख्याच्या आधी शेजारचा कढीपत्ता जातो. पेटवून देणं तर नकोच. वाळलेल्या मुळीतून विस्तव जमिनीखालून सरकतो आणि कुठं धूर काढेल ते सांगता येत नाही.

नारळाला मात्र थांबायचं नाही. त्याला धुमारे येत नाहीत, आणि कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. मग परड्यातल्या उभ्या नारळांचे शेंडे कुरतडायला पुढची फौज तयार. तिथं मीच मालकाच्या मागं लागतो. कडुलिंबाचं उलटं. तोडला तरी चहूबाजूंनी फुटतो. एक जोमदार धुमारा ठेवून बाकीचे खुडले, तर बुडखा काढायचा प्रश्नच राहत नाही. ऊसवाले कुरकुरतात, कारण वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी लिंबावरच जमतात. मी म्हणतो, बरंच आहे की, एका जागी सापडतात. झाड हलवा, पडलेले रॉकेलच्या पाण्यात टाका.

हंगाम म्हणाल तर दिवाळीनंतरचा. वारणाकाठची काळी माती मे महिन्यात कुदळीला दाद देत नाही, आणि श्रावणात पाय काढावा तर चप्पल आत राहते. दिवाळीनंतर वाफसा असतो, माती मुळीपासून सुटून येते, दोन माणसांचं काम एक माणूस करतो.

सध्या एका अंगणात चिंचेचा बुडखा आहे. मालकाला तिथं चारचाकी लावायची आहे आणि ओंडका घ्यायला मटणाच्या दुकानाचं गिऱ्हाईकही तयार आहे, चिंचेचं लाकूड सुरीला चिवट म्हणून. पण धुमारे हिरवेगार, भिंत चार हातांवर, आणि मुळ्यांत पहार रुतायला तयार नाही. दिवाळीनंतर परत बघतो म्हणून सांगितलंय. मालक नाराज आहेत. तोवर गाडी रस्त्यावर.