शेवटचं पाणी



या आठवड्यात गव्हाला चौथं पाणी द्यायचंय. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली पेर, म्हणजे 80-85 दिवस होत आले. दाणा चिकात आहे. पहिलं पाणी मुकुटमुळं फुटताना, 18 ते 21 दिवसांनी. दुसरं कांडी धरताना, 40 ते 42 ला. तिसरं 60 ते 65 ला, ओंबी निसवताना. ही तिन्ही सहसा कुणी चुकवत नाही. चुकतं ते चौथं. ओंबी बाहेर पडली की रान भरल्यासारखं दिसतं आणि आपल्याला वाटतं, झालं पीक. त्यात लाइट रात्रीची, थंडी अंगात, बाकीची कामं उरावर. मग मळणीला दाणा चिमलेला निघतो आणि आपण बियाण्याला नावं ठेवतो.

आपली बरीच कामं अशीच चौथ्या पाण्याला अडतात. आज त्यावर चार शब्द लिहितो.

पिंपरीत कंपनीत असलेला माझा एक ख्रिस्ती दोस्त आहे, गावाकडं त्याची कोरडवाहू चार एकर आहे. त्याला हे पाण्याचं बोललो तर म्हणाला, "दादा, हे आमच्या बायबलात आहे." नव्या करारात याकोबाचं पत्र आहे, त्यात धीर धरायचा कसा हे सांगताना उदाहरण शेतकऱ्याचंच दिलंय. तो पहिल्या पावसाची वाट बघतो आणि शेवटच्या पावसाचीही. पॅलेस्टाईनकडं पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला पाऊस माती मऊ करतो, मग गहू आणि सातू पेरायचा. मार्च-एप्रिलचा शेवटचा पाऊस दाणा भरतो. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला माहीत होतं, पेरणी साधली तरी पीक हातात नसतं.

दुसरं उदाहरण नांगराचं. नांगराला हात घालून मागं बघणारा कामाचा नाही, असं येशू सांगतो. ज्यानं बैलाचा नांगर धरलाय त्याला समजावून सांगायला नको. एका हातात रुमणं, दुसऱ्यात पराणी, आणि नजर बांधावरच्या खुणेवर. मान वळली की तास वाकडं गेलंच. मागं किती नांगरलं हे बघायचा मोह फार असतो, खास करून दुपारी.

आता आपल्याच जिल्ह्यातलं माणूस सांगतो. दौंड तालुक्यातलं केडगाव, पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या रेल्वेवरचं. पाऊस तिथं आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. पंडिता रमाबाईंनी तिथं माळरान घेतलं, विहिरी खोदल्या, झाडं लावली. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणून तिथं ठेवल्या. तेच मुक्ती मिशन. एवढं केलं तरी कुणीही म्हटलं असतं, बाईंनी खूप केलं, आता टेका.

पण त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा संस्कृत शब्दांनी जड झालेली. आश्रमातल्या साध्या बाईला ती समजायची नाही. म्हणून सगळं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणायचं ठरवलं. वय चाळिशीच्या पुढं, कानानं कमी ऐकू येणारं. हिब्रू, ग्रीक त्या वयात शिकल्या. साधारण 1905 च्या सुमारास सुरू झालेलं काम सतरा-अठरा वर्षं चाललं. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका.

जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आश्रमाचा कारभार पुढं जिच्यावर सोपवायचा, तीच गेली. तिथं काम टाकलं असतं तर कुणी बोल लावला नसता. रमाबाईंनी टाकलं नाही. तब्येत ढासळत होती तरी भाषांतर आणि तपासणी पुरी केली, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. छापलेलं पूर्ण पुस्तक त्यांनी पाहिलं नाही, ते 1924 ला बाहेर आलं. त्यांच्या धर्माचं आपल्याला काय वाटायचं ते वाटो. पण मुलगी गेल्यावरचे ते आठ-नऊ महिने मला त्या सगळ्या सतरा-अठरा वर्षांपेक्षा मोठे वाटतात.

हे सगळं डोक्यात यायचं कारण खालचं वावर. नदीकडचं सव्वा एकर चोपण आहे. सामू साडेआठच्या वर, पाणी मुरत नाही, वाळलं की ढेकूळ दगडासारखं. दोन वर्षं झाली, चर काढले, माती परीक्षणात सांगितला तेवढा जिप्सम दोन हप्त्यांत टाकला, धैंचा दोनदा गाडला. यंदा तिसऱ्यांदा गाडायचाय. गेल्या पावसात पाणी पहिल्यांदा मुरताना दिसलं.

पोरगं चाकणला शिफ्टला असतं. परवा जेवताना म्हणालं, "आबा, आजूबाजूचं सगळं गुंठ्यानं जातंय. उद्या विकायचंच झालं तर माती कशी आहे ते कोण बघणार? तिसऱ्या वर्षाचा खर्च कशाला?"

प्रश्न खोटा नाही. देहूत आज बांधावर उभं राहिलं की एका बाजूला भात खाचर आणि दुसऱ्या बाजूला इमारतीचा सांगाडा दिसतो. मी लगेच उत्तर दिलं नाही.

उत्तर परत त्या दोस्ताच्या पुस्तकातच सापडलं. येशू तिथं असंही म्हणतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कर, नाहीतर पाया घालून अर्धवट राहील आणि लोक हसतील. म्हणजे धरलंय म्हणून डोळे मिटून ओढत राहा, असं काही तो सांगत नाही. म्हणून रात्री वही काढून बसलो. गेलेला खर्च बाजूला ठेवला, तो काही परत येत नाही. पुढं काय लागेल तेवढंच लिहिलं: धैंच्याचं बी, एक पेरणी, एक रोटाव्हेटर. मागच्या दोन वर्षांच्या मानानं किरकोळ. आणि ते नाही केलं तर हळूहळू माती परत आवळणार.

सकाळी पोराला वही दाखवली. म्हणालो, "विकायचं का ठेवायचं ते तू आणि मी मिळून नंतर ठरवू. पण चांगली माती हातात असताना ठरवू." त्यानं वही वाचली. "बी मी आणतो," एवढंच बोलला.

आपल्या हातून पुरं होईलच असंही नाही. आपल्या तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं सांगणारे कवी नारायण वामन टिळक. त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे अध्याय झाले आणि 1919 ला ते गेले. पुढचा बहुतेक ग्रंथ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेत न गेलेली, लग्नानंतर घरीच अक्षरं गिरवलेली बाई. टिळकांनी तिला वाचायला शिकवलं नसतं तर तो ग्रंथ अर्धाच राहिला असता. म्हणून वावरात काय केलं, किती टाकलं, कधी गाडलं, हे मी आता त्याच वहीत तारखेनिशी लिहून ठेवतो. माझं राहिलं तर पोराला पहिल्यापासून सुरू करायला नको.

ज्यांच्याकडं चोपण रान आहे त्यांच्यासाठी: धैंचा पहिल्या चांगल्या पावसावर पेरा, 45 ते 50 दिवसांत फुलावर यायच्या सुमाराला गाडा. उशीर केला तर काडी जरड होते, लवकर कुजत नाही. चर गाळानं भरलेत का ते उन्हाळ्यातच बघा. चर बंद असला तर जिप्समचा पैसा पाण्यात.

आणि ज्यांचं एखादं काम तिसऱ्या पाण्यापर्यंत येऊन थांबलंय, त्यांनी एकदा वही काढा. राहिलंय किती तेवढंच लिहा. बहुतेकदा ते वाटतं त्यापेक्षा थोडं निघतं.