पाहणाऱ्याचें शिक्षण

द्रोणाचार्यांनीं झाडावरचा पक्षी दाखवून शिष्यांची परीक्षा घेतली ती कथा आपणां सर्वांस पाठ आहे. ज्यांना झाड दिसलें, फांद्या दिसल्या, शेजारीं उभे असलेले भाऊ दिसले, ते सारे नापास झाले. अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला आणि तो उत्तीर्ण झाला. धनुर्धराची परीक्षा म्हणून ती योग्यच होती. परंतु क्रीडाशिक्षक होऊं इच्छिणारे विद्यार्थी जेव्हां दुसऱ्याचें शिकविणें पाहावयास बसतात, तेव्हां आम्हांस नेमके ते नापास झालेले शिष्य हवे असतात. दुर्दैवानें आमच्याकडे येणारा प्रत्येक तरुण अर्जुन असतो. मैदानावर आणल्याबरोबर त्याची नजर सर्वांत चपळ खेळाडूवर खिळते ती शेवटची शिट्टी होईपर्यंत तेथून हलत नाहीं. शिक्षक काय करीत होते, असें विचारलें तर तो त्या खेळाडूच्या सुराचें वर्णन करूं लागतो!

गेलीं कांहीं वर्षें आम्ही अशा विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांतील बोरी अरब या गांवीं जात असतों. इतक्या आडगांवीं कां, असें आमचे सहकारी विचारतात. वऱ्हाडांत व्यायामशिक्षणाला तोटा नाहीं. अमरावतीस वैद्य बंधूंनीं 1914 सालीं काढलेलें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याचा चमू 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ दाखवून आला. (त्याच 1914 सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें खो-खोचे नियम बांधले, हा योगायोग आम्हांस नेहमीं मौजेचा वाटतो.) पण मोठ्या संस्थेंत गेलेला विद्यार्थी तिच्या लौकिकानें आधींच दिपून जातो, आणि दिपलेल्या डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं. बोरी अरबला दिपण्यासारखें कांहीं नाहीं. काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेलें एक मैदान, दोन खांब, फक्कीनें आखलेल्या पाट्या, आणि सकाळीं साडेसहाला हजर होणारे एक गुरुजी, एवढेंच.

पहिल्या दिवशींच्या वह्या वाचल्या कीं आमची करमणूक होते. “गुरुजींची तळमळ वाखाणण्यासारखी आहे.” “शिस्त उत्तम.” “मार्गदर्शन प्रभावी.” जिकडे तिकडे विशेषणें! म्हणून आम्हीं एक नियम घातला आहे कीं, पहिले आठ दिवस वहींत एकहि विशेषण येतां कामा नये. गुरुजी कोणाशीं बोलले, काय बोलले, त्यानंतर त्या मुलीनें काय केलें, कोण किती वेळ नुसती बसून राहिली, एवढेंच लिहावयाचें. हें तलाठ्याचें काम झालें, अशी तक्रार होते. आम्हांस तलाठ्याविषयीं आदर आहे. शेत चांगलें कीं वाईट हें ठरविण्याआधीं तें किती आहे हें कोणाला तरी मोजावेंच लागतें.

अशाच एका सकाळीं मुलींचा खो-खो चालला होता. आमच्या एका विद्यार्थ्यानें मध्यावरच्या चौकोनांत बसणाऱ्या एका मुलीवर नजर ठेवली होती. चाळीस मिनिटांत तिला खो मिळाला तो दोनदां. बाकीच्या मुली तिला ओलांडून पुढच्या मुलीला खो देत. “हिला टाळा” असें गुरुजींनीं कधींहि सांगितलेलें नव्हतें. परंतु वहींत असें निघालें कीं, दोन्ही वेळां खो देणारीच्याच नांवानें गुरुजींची करडी हांक आली होती. आणि त्या बसलेल्या मुलीचें नांव त्या चाळीस मिनिटांत त्यांच्या तोंडीं एकदांहि आलें नव्हतें. मुलींनीं त्या हांकेवरून घ्यावयाचा तो धडा घेतला होता. हें सारें मैदानावर सर्वांच्या देखत घडत होतें, आणि मोजीपर्यंत कोणासहि दिसत नव्हतें.

मोजण्याचें सामर्थ्य केवढें आहे याचें एक उदाहरण अमेरिकेंत घडलें. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतील बास्केटबॉलचे विख्यात गुरु जॉन वुडन यांचें शिकविणें 1974-75 च्या हंगामांत रोनाल्ड गॅलिमोर व रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनीं वही घेऊन पाहिलें. पंधरा सरावांत त्यांनीं शिकविण्याच्या 2,326 कृति नोंदल्या. त्यांपैकीं निम्म्या कृति म्हणजे काय करावें व कसें करावें याच्या साध्या सूचना होत्या. शाबासकी शंभरांत सातहि भरली नाहीं, आणि रागावणेंहि तितकेंच थोडें. चूक झाली कीं गुरु आधीं योग्य कृति करून दाखवीत, मग खेळाडूनें केलेली चुकीची, मग पुन्हां योग्य. आणि हें सारें बहुधा पांच सेकंदांच्या आंत. त्याच हंगामांत त्यांच्या संघानें दहावें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. पण आम्हांस याहून मोलाचें वाटतें तें पुढचें. 2004 सालीं त्याच दोघांनीं आपल्या जुन्या टिपणांचा पुन्हां विचार केला, तेव्हां त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, त्या आंखूड सूचनांमागें गुरूंनीं रोज बसून केलेली तपशीलवार तयारी होती. ती वहींत उतरली नव्हती, कारण ती मैदानावर घडतच नव्हती.

म्हणून मोजणी झाली कीं आम्ही विद्यार्थ्यांस गुरुजींकडे पाठवितों. त्या वेळीं मात्र तो विद्यार्थी जाण्यास तयार होईना. तो त्याच भागांतला, आणि लहानपणीं त्याच गुरुजींच्या हाताखालीं खेळलेला. “सर, ज्यांनीं मला स्वतःच्या पैशानें बूट घेऊन दिले, त्यांचा पंचनामा मीं करावा काय?” असें त्यानें विचारलें. प्रश्न खरा होता, व त्यास चटकन् उत्तर देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. आपल्याकडे वस्तादाची पारख पठ्ठ्याच्या कुस्तीवरून करण्याची रीत आहे. वस्तादाकडे बोट दाखविण्याची नाहीं. आम्हीं त्याला इतकेंच सांगितलें कीं, शिकविणाऱ्याविषयींचें टिपण त्याच्याआधीं दुसऱ्या कोणीहि वाचूं नये. तें आधीं गुरुजींच्या हातीं दे, मग आमच्या हातीं देण्याचें कीं नाहीं तें तूं ठरीव.

गुरुजी नाकबूल करतील अशी आमची अपेक्षा होती. सीॲटल येथें 1970 नंतरच्या दशकांत मुलांच्या बेसबॉल-शिक्षकांचें निरीक्षण झालें, तेव्हां शिक्षकांनीं स्वतःविषयीं सांगितलेल्यापेक्षां मुलांनीं सांगितलेलेंच निरीक्षकांच्या नोंदींशीं अधिक जुळलें होतें. आपलें शिकविणें आपल्याला दिसणें इतकें कठीण! परंतु गुरुजींनीं वही दोनदां वाचली आणि म्हणाले, “सर, हे मलेही दिसते. पण दरसाल तालुक्याले टीम न्या लागते. दोन वर्षं हरलो तं सकाळचा हा तास राह्यत नाही. मंग या पोरीले मी शिकवू कोठं?”

यावर काय बोलावें? 1985 पासून दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार देखील शिष्यांच्या पदकांकडे पाहूनच दिला जातो; मग तालुक्याच्या मैदानावरील गुरुजींनीं कोणतें निराळें माप वापरावें? तरीहि आमचें मत असें कीं, चाळीस मिनिटांत त्या मुलीसाठीं जागा होती. आमच्या विद्यार्थ्यानें दोन दिवसांनीं वही आणून दिली. तींत नोंदी होत्या, गुरुजींचें उत्तर जसेंच्या तसें होतें, आणि खालीं एक सूचना होती: शेवटचीं दहा मिनिटें असा खेळ घ्यावा कीं ज्यांत कोणालाहि ओलांडून खो देतां येणार नाहीं. गुरुजींनीं दुसऱ्याच दिवशीं तो खेळ घेऊन पाहिला. खेळ मंदावला, तरबेज मुली चिडल्या, एकीनें तर घरीं जाण्याची परवानगी मागितली. मध्यावरच्या मुलीला सहा वेळां खो मिळाला. त्यांपैकीं दोनदां ती उलट दिशेला धावली, आणि गुरुजींनीं तिला नांवानें हांक मारून थांबविलें.

आमच्या छापील तक्त्यांत शेवटीं “एकूण गुण” असा रकाना आहे. दहापैकीं गुण देऊन गुरुजींना मोकळें करावें, अशी तक्ता करणाऱ्याची कल्पना दिसते. त्या विद्यार्थ्यानें तो रकाना कोरा ठेवला आहे. कचेरीकडून त्याविषयीं दोन स्मरणपत्रें आलीं. आम्हीं अद्याप तो भरविलेला नाहीं.