आधी दर विचारा, मग ताट मागवा

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की जूचंद्र सोडल्यावर कामण रोड स्टेशन येते. एका अंगाला तुंगारेश्वरचा डोंगर आणि कामणदुर्ग, जवळून जाणारा चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला कारखान्यांचे गाळे व गोदामे. पावसाळ्यात चिंचोटीचा धबधबा पाहायला येणाऱ्या मुंबईकरांना हा भाग सहलीचा वाटतो. येथे राहणाऱ्यांचे आयुष्य मात्र पाळी, ओव्हरटाइम आणि सात तारखेचा पगार यांवर चालते.

पगार झाल्यानंतरच्या रविवारी एखाद्या घरातून हमखास आवाज येतो, "आज बाहेर जेवायला जाऊ या." पूर्वी ही चैन वडापाव आणि उसाच्या रसापर्यंत होती. आता मुले मोठी झाली, शिकली, त्यांना हॉटेलात बसून मासे खायचे असतात. त्यात गैर काही नाही. वर्षभर राबणाऱ्या बाईला एक दिवस कुणीतरी ताट वाढून द्यावे, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

मासे खायचे तर कामणकरांना फार लांब जावे लागत नाही. वसईला किल्लाबंदर, पाचूबंदर, पुढे अर्नाळा, सगळे कोळीवाडे. बोंबील, मांदेली, करंदी, सुरमई, रावस, पापलेट, चिंबोऱ्या, सगळे येथे उतरते. सातपाटीचे पापलेट तर आपल्याच पालघर जिल्ह्यातले. याच रुपेरी पापलेटाला 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हॉटेलातला मासा बहुधा बर्फातला असतो आणि महागही. म्हणून ताज्या माशासाठी बाहेर जेवायचा बेत पावसाळ्यानंतरच करावा.

आता मुख्य गोष्ट. माशांची हॉटेले दोन तऱ्हेची. एक खानावळीसारखी. दारातच फळ्यावर लिहिलेले असते: बांगडा थाळी इतके, सुरमई थाळी इतके. भाकरी, भात, कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी. आत जाण्यापूर्वीच खिशाचा हिशेब जमतो. दुसरी जरा बरी, वातानुकूलित. तेथे हातात जाड मेनूकार्ड येते, आणि पापलेट, खेकडा, लॉब्स्टर यांच्यासमोर आकडा नसतो. तेथे लिहिलेले असते ‘साइजप्रमाणे’. हे दोन शब्द कामगाराच्या खिशाला फार जड जातात.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कामणच्या गाळ्यात प्रेस मशीन चालवतात. बोनस झाला म्हणून आई, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन ते महामार्गावरच्या एका हॉटेलात गेले. मुलाने भरलेले पापलेट मागितले. दर विचारावा असे त्यांच्या मनात आले होते, पण वेटर समोर उभा, शेजारच्या टेबलावर गाडीतून उतरलेली मंडळी. तोंडातून शब्द निघाला नाही. बिल आले तेव्हा त्यात घरचा महिन्याचा किराणा निघाला असता. म्हाताऱ्या आईला सांगितले, "काही नाही गं, स्वस्तच होते." आम्हाला मात्र म्हणाले, "दादा, खाल्लेले अंगी लागले नाही."

त्यांची जीभ का अडली, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या हॉटेलात आत बसू देत नसत. कपबशी वेगळी, ती बाहेर वळचणीला ठेवलेली, चहा पिऊन आपणच विसळायची. संविधानाच्या कलम 15 ने उपाहारगृहाचे दार सर्वांना खुले केले. 1955 च्या अस्पृश्यता कायद्याने तर हॉटेलात येण्यास किंवा तेथील भांडी वापरण्यास अटकाव करणे हा गुन्हा ठरवला. 1976 पासून तोच नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. दार उघडले. पण ‘आपण येथले नाही’ ही भीती मनात कोठेतरी राहिली. दर विचारला तर आपली लायकी काढतील, या धाकाने माणूस गप्प बसतो.

वाचकांना नवल वाटेल, पण हाच धाक जपानमधल्या कामगारालाही होता. जपानचे सुशी हे खाणे आता मुंबईच्या मॉलमध्येही मिळते. आंबवणीचा भात आणि त्यावर माशाची तुकडी, असा साधा प्रकार. मासा कच्चाच असतो असेही नाही. अंडे, काकडी, शिजवलेली कोळंबीही त्यात असते. कच्चे नको असेल त्याने टेंपुरा मागवावा. पिठात बुडवून तळलेली कोळंबी किंवा भाजी, आपल्या भजीची चुलत बहीणच. हा तळणाचा प्रकार जपानात पोर्तुगीजांमुळे आला असे सांगतात. आपल्या वसईवरही 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांचाच अंमल होता, हे येथे आठवते.

एकोणिसाव्या शतकात हीच सुशी राजधानीच्या रस्त्यांवर, टपरीपाशी उभ्याने खायची वस्तू होती. पुढे तिची दुकाने झाली, आणि भारी दुकानात भिंतीवर भावाऐवजी एक शब्द आला, ‘जिका’. म्हणजे आजच्या बाजाराचा भाव. किती, ते बिल आल्यावर कळणार. आपल्या ‘साइजप्रमाणे’चाच हा जपानी भाऊ. साहजिकच मजूर माणूस तेथे पाय ठेवीना.

ओसाकाजवळ, आजच्या हिगाशी-ओसाका शहरात, योशिआकी शिराइशी नावाचे गृहस्थ लहानसे सुशीचे दुकान चालवीत. तो भाग आपल्या कामणसारखाच, छोट्या कारखान्यांचा. गिऱ्हाईक कामगार. माणसे ठेवणे परवडेना. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या त्यांनी पाहिल्या आणि 1958 साली सुशीच्या बश्या तशाच फिरत्या पट्ट्यावर ठेवल्या. गिऱ्हाइकाने हवी ती बशी उचलायची. अशा दुकानांतून पुढे बशीच्या रंगावरून किंमत ओळखायची पद्धत रूढ झाली. खाऊन झाले की रिकाम्या बश्या मोजायच्या, तेवढेच बिल. 1970 च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनानंतर ही दुकाने जपानभर पसरली. कुणालाही न विचारता भाव कळतो, म्हणून कामगार लेकराबाळांसह तेथे निर्धास्त बसू लागला.

आपल्याकडे असा पट्टा नाही. म्हणून आपला पट्टा आपणच चालवायचा. मेनूवर ‘साइजप्रमाणे’ दिसले की सरळ म्हणावे, "भाऊ, मासा आणून दाखवा, वजन करा आणि भाव सांगा." समजा, शंभर ग्रॅमचा भाव 150 रुपये आणि मासा 600 ग्रॅमचा, तर 900 रुपये झाले. पटले तर घ्यावा, नाहीतर बांगडा मागवावा. बांगडा काही कमी प्रतीचा मासा नव्हे. वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे, हेही विचारावे.

बिल आले की वाचावे. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के लागतो, म्हणजे 900 वर 45 रुपये. काही लहान हॉटेले कंपोझिशन योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही. ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर नाही. तो बिलात आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. लावलाच असेल तर शांतपणे काढून टाकायला सांगावे. ऐकले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

वेटरशी मात्र अरेरावी करू नये. तोही कुठल्या तरी गावाहून आलेला, आपल्यासारखाच पगारावर जगणारा माणूस आहे. भाव त्याने ठरवलेला नसतो.

घरच्या मुलामुलींना हॉटेलात नेताना ही सवय लावावी. मेनूकार्ड आधी त्यांच्या हाती द्यावे, बेरीज त्यांना करू द्यावी, आणि दर विचारण्याचे कामही त्यांच्याकडेच सोपवावे. आजोबांना ज्या दाराबाहेर उभे केले गेले, त्या दाराच्या आत बसून नात मोठ्या आवाजात विचारते, "या माशाचा भाव काय?" तर तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जाऊ द्यावा.